तिकिटावर मावणारा आश्रम आणि न मावणारा

(बेसा, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग दिला आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकीच काही जणांनी आमच्यापुढे ठेवला. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरावर डाक विभागानं स्मारक तिकीट काढावं, असा एक अर्ज आपल्या श्रोत्यांमध्ये फिरतो आहे. सह्या गोळा होत आहेत. २५ मार्च १९५९ ही त्या आश्रमाची स्थापनेची तारीख. २०३४ साली पंच्याहत्तर वर्षं होतील, तेव्हा तिकीट यावं, असं अर्जात म्हटलं आहे. आम्हालाही सही मागितली गेली. आम्ही म्हटलं, सही करू की नाही ते व्याख्यानात सांगतो. कारण प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. एखाद्या माणसाचा गौरव कसा करायचा हे आपल्याला ठाऊक आहे. पुतळा, रस्त्याला नाव, तिकीट. पण काही माणसं एकत्र राहिली, एकत्र राबली, एकत्र प्रार्थना केली, आणि हे एकत्र राहणं हीच त्यांची साधना होती, तर त्या 'एकत्र' या गोष्टीचा गौरव कसा करायचा? ती वस्तू चित्रात दाखवता येते का?

आधी थोडं तिकिटाविषयी, कारण इथे बराच घोळ होतो. आपण खिडकीवर जाऊन पाकिटाला लावायला जे तिकीट घेतो ते बहुधा नित्य वापराचं असतं. ते पुन्हापुन्हा छापतात. स्मारक तिकीट वेगळं. ते एका प्रसंगानिमित्त, ठरावीक संख्येत छापतात, संपलं की संपलं. तिसरा प्रकार म्हणजे 'माय स्टॅम्प'. पैसे भरले की तुमचा फोटो तिकिटाच्या शेजारी छापून मिळतो. चौथा प्रकार विशेष आवरण, म्हणजे चित्र छापलेलं पाकीट आणि त्यावर त्या दिवसाचा खास शिक्का. गावोगाव बातमी येते, 'आमच्या संस्थेवर तिकीट निघालं'. नीट पाहिलं तर अनेकदा ते तिसऱ्या नाहीतर चौथ्या प्रकारातलं असतं. त्यात वाईट काही नाही. पण देशानं केलेला गौरव आणि आपण पैसे भरून करून घेतलेला गौरव यांत फरक आहे, तो ठेवला पाहिजे. अर्ज करणाऱ्यांनी स्मारक तिकीटच मागितलं आहे, हे बरं केलं.

आता मुद्द्याकडे येतो. तिकीट या वस्तूचा जन्मच चेहऱ्यातून झाला. १८४० साली इंग्लंडमध्ये पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं, 'पेनी ब्लॅक'. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. देशाचं नावसुद्धा नाही! चेहरा हेच नाव. आपल्याकडे १८५४ साली देशभर चालणारी तिकिटं आली, त्यांवरही तीच राणी. स्वतंत्र झालो तेव्हा १५ ऑगस्ट १९४८ रोजी आपण गांधीजींची चार तिकिटं काढली. राणीच्या जागी बापू. चेहरा बदलला, चेहऱ्याची जागा तीच राहिली. ती तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली होती. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याचा पहिला गौरव परदेशी छापखान्यातून आला! ही नुसती गंमत नव्हे. गौरवाची रीत आणि ज्याचा गौरव होतो त्याचं जगणं यांची गाठ पडेलच असं नाही. आज आपल्याला हेच पाहायचं आहे.

मग १९५२ साली संत आणि कवींची मालिका आली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, रवींद्रनाथ. पुन्हा चेहरे. कबीर कसे दिसत होते हे कुणी पाहिलं आहे? पण तिकिटाला चेहरा लागतो, म्हणून चेहरा दिला गेला.

कुणी म्हणेल, सर, स्थळांचीही तिकिटं निघालीत की. निघालीत. १९४९ साली नित्य वापराच्या तिकिटांची जी मालिका आली तीत सांची आहे, अजिंठा आहे, कोणार्क आहे. सर्वांनी कौतुक करावं अशी मालिका. पण अजिंठ्याचा तिकिटावर आलेला भाग कोणता? हत्ती. आता अजिंठा म्हणजे काय, याचा विचार करा. तीस लेणी, त्यांतली पाच चैत्यगृहं आणि बाकीचे विहार. विहार म्हणजे राहायची जागा. म्हणजे अजिंठा ही मुख्यतः वसाहत आहे. भिक्षूंची वस्ती. बारा क्रमांकाच्या लेण्यात लहान लहान खोल्या आहेत, खोलीत समोरासमोर दोन दगडी बाक आहेत, झोपायचे. एका खोलीत दोघं. आम्हाला विचाराल तर अजिंठ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट तो दगडी बाक आहे. दोन माणसं शेजारी शेजारी झोपत होती, पहाटे उठत होती, भिक्षेला जात होती, पावसाळाभर एकमेकांना सहन करत होती. चित्रं त्या जगण्यातून आली. आपण चित्रं जपली, कौतुक केलं, तिकिटावर घेतली. बाक मागे राहिला.

तेव्हा दोन वाटा दिसतात. वस्तीचा गौरव करायचा झाला की तिकीट एक तर संस्थापकाचा चेहरा घेतं, नाहीतर इमारत घेतं. राहणारी माणसं दोन्हीकडून निसटतात.

महाराष्ट्रातली उदाहरणं घेऊ. पंडिता रमाबाईंवर १९८९ साली तिकीट निघालं. यायलाच हवं होतं. पण रमाबाईंचं काम म्हणजे काय? १८८९ साली मुंबईत शारदा सदन. पुढे ते पुण्याला गेलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात आल्या, म्हणजे आपल्याच भागात, आणि शेकडो उपाशी मुली, विधवा घेऊन केडगावला गेल्या. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विहिरी, विणकाम, शाळा, प्रार्थना. आणि छापखाना! रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं, तर त्याचे खिळे जुळवायला आणि छपाईला तिथल्याच बाया. कालपर्यंत अक्षर न पाहिलेल्या हातांनी अक्षरं जुळवली. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी तेव्हाच्या पुण्यात किती वाद झाले ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात आज जायचं नाही. मुद्दा असा की केडगावची वस्ती ही त्या शेकडो बायांचीही निर्मिती होती. तिकिटावर एक बाई आहे. बाकीच्या शेकडो त्या एकीच्या मागे आहेत असं आपण समजून घ्यायचं.

तुकडोजी महाराजांचंही तसंच. १९९३ साली त्यांच्यावर तिकीट निघालं. त्यांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभं केलं, गुरुदेव सेवा मंडळाचं गावोगाव जाळं विणलं, आणि सर्वांत मोठी देणगी दिली ती सामुदायिक प्रार्थनेची. 'सामुदायिक' हा शब्द तिथे शोभेचा नाही. संध्याकाळी गावातली सगळी माणसं, जात न विचारता, एका ओळीत बसतील. हे बसणं म्हणजेच त्यांचा विचार. खंजिरी घेतलेले महाराज चित्रात छान येतात. ती ओळ येत नाही. गाडगेबाबांवरचं १९९८ चं तिकीटही इथेच ठेवा. ज्यानं धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत मुक्काम ठोकला नाही, त्याचा चेहरा आपण जपला.

या सगळ्यामागे एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, तो दोन मिनिटांत सांगतो. बुद्धाची तीन शरणं आपल्या नागपुरात लहान पोरालाही पाठ असतात. बुद्ध, धम्म, संघ. बुद्धाला चेहरा आहे. मूर्ती घडवता येते. धम्माला चक्र आहे, खूण करता येते. संघाला काय आहे? तिसऱ्या शरणाची मूर्ती कुणी घडवली आहे का? घडवता येत नाही, कारण संघ ही वस्तू नाही. संघ म्हणजे माणसामाणसांत चाललेला व्यवहार. तो चालू असेल तोवर असतो, थांबला की नसतो. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञानं म्हटलं की एखाद्या विलक्षण माणसाचं तेज त्याच्यामागे संस्थेच्या नेमांत उतरतं, आणि उतरताना थंड होतं. बरोबर आहे. पण त्याची दुसरी बाजू आपल्याकडे दिसते. काही वेळा ते तेज माणसात नव्हतंच मुळी, माणसांच्या मध्ये होतं. आपण ते उचलून एकाच्या कपाळावर ठेवतो.

आता पवनार. वर्धा रोडनं गाडी काढली तर बेशाहून तास-दीड तासात आपण धाम नदीच्या पुलावर असतो. विनोबा तिथे १९३८ साली आले, प्रकृती खालावली होती म्हणून. जमनालाल बजाजांचा बंगला नदीपलीकडे होता. धाम नदीच्या पलीकडचं म्हणून विनोबांनी त्याला नाव दिलं परंधाम. शब्दाशी खेळण्याची त्यांना हौसच. तिथे खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यांत भरत-रामाच्या भेटीचं म्हणून ओळखलं जाणारं शिल्प आहे. आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. पुढच्या संशोधकांनी त्यावर वेगळी मतंही दिली. म्हणजे ही जागा जुनी आहे, आणि तिकिटाला लागतं ते सगळं तिथे आहे. नदी आहे, शिल्प आहे, टेकाड आहे, दाढीवाले ऋषी आहेत. चित्रकाराला अर्ध्या दिवसाचं काम.

पण ब्रह्मविद्या मंदिर म्हणजे हे नव्हे. १९५९ साली ते स्थापन झालं तेव्हा विनोबा तिथे नव्हतेच. ते पदयात्रेत होते. भूदानाचं काम १९५१ पासून चालू होतं, ते पायी देश हिंडत होते. राहायला म्हणून ते पवनारला परतले १९७० साली. मधली अकरा वर्षं तिथे राहिल्या त्या बहिणी. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या. विनोबांचं म्हणणं असं होतं की स्त्रियांनी भक्ती केली, सेवा केली, पण ब्रह्मविद्येचा अधिकार पुरुषांनी स्वतःकडे ठेवला. तो स्त्रियांनी घ्यावा. आणि एकटीनं गुहेत बसून घेऊ नये, मिळून घ्यावा. सामूहिक साधना. आपल्या परंपरेत ही फार मोठी मागणी आहे बरं का. मोक्ष ही एकट्याची गोष्ट, असं आपण हजारो वर्षं धरून चाललो. इथे म्हटलं गेलं की मुक्तीसुद्धा 'आम्हाला' मिळेल, 'मला' नव्हे.

मग रोजचं काय? शेतात काम, स्वयंपाक, सफाई, सूत, 'मैत्री' हे मासिक, पुस्तकांचं काम. पहाटे ईशावास्य, दुपारच्या आधी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणं. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे निर्णय सर्वसंमतीनं. बहुमतानं नाही. कुणी प्रमुख नाही, अध्यक्ष नाही. एकीचंही मन वळलं नसेल तर थांबायचं.

हे ऐकायला गोड वाटतं. करून पाहा. आपल्या बेशात आता जिकडे पाहाल तिकडे फ्लॅट स्कीम आहेत. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा रंग ठरवायचा म्हटलं तरी आपण हात वर करायला लावतो, मोजतो, आणि हरलेले सहा महिने जिन्यात बोलत नाहीत. सर्वसंमतीत हरणारा कुणी उरत नाही. पण त्याची किंमत वेळानं मोजावी लागते, आणि अहंकारानं. साठाहून अधिक वर्षं काही बायका ही किंमत मोजत आल्या आहेत. आमच्या मते विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा हा एक मोठा वैचारिक प्रयोग आहे, आणि आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पान नाही.

आता अर्जाबरोबर तिकिटाचा जो कच्चा आराखडा जोडला आहे तो पाहू. मध्यभागी विनोबा. डावीकडे भरत-राम. मागे नदी. खाली आश्रमाचं नाव. बहिणी कुठे आहेत? नाहीत. आराखडा काढणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्याविषयी शंका नाही. पण टीका म्हणून बोलायचं तर हे तिकीट ब्रह्मविद्या मंदिरावर नाहीच. हे १९८३ साली विनोबांवर निघालेल्या तिकिटाचंच दुसरं रूप आहे. विनोबांनी नेतृत्वाऐवजी 'गणसेवकत्व' असा शब्द दिला होता. पुढाऱ्यांचा काळ संपला, आता गणाची सेवा गणानंच करायची. त्या माणसाला मध्यभागी बसवून आपण गणाचा गौरव करतो आहोत. तरुणपणी ज्यानं आपली शाळेची प्रमाणपत्रं आईसमोर चुलीत टाकली, त्याला आपण दुसऱ्यांदा प्रमाणपत्र देतो आहोत, आणि तेही दुसऱ्यांच्या वाट्याचं.

अजून एक गोष्ट. आपल्याकडच्या स्मारक तिकिटावर किंमत छापलेली असते.  पवनारला १९५०च्या सुमारास विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून जगायचं, हातानं पिकवायचं, हातानं विणायचं. त्या जागेच्या चित्राखाली कोपऱ्यात 'पाच रुपये'. यात दोष कुणाचा नाही. पण हे दिसलं पाहिजे, नाहीतर आपण फक्त टाळ्या वाजवू.

आणि गौरव करणारं राज्य कोणतं, हेही विसरू नका. १९७६ च्या जूनमध्ये, आणीबाणीत, पोलिसांनी पवनारला जाऊन 'मैत्री'चे अंक जप्त केले, कारण गोवधबंदीसाठी विनोबा उपवास करणार हे त्यात छापलं होतं. आणीबाणीबद्दल विनोबांची भूमिका पुरेशी कणखर नव्हती, 'अनुशासन पर्व' या शब्दांनी सरकारला आधार दिला, ही टीका झाली आणि ती खोडून काढणं सोपं नाही. तरीही अंक जप्त झालेच. त्यानंतर सात वर्षांनी भारतरत्न आणि तिकीट. राज्याची स्मरणशक्ती अशीच असते. जिवंत वस्तीचं छापलेलं पत्र ते अडवतं, आणि नंतर त्याच पत्रावर लावायला चेहरा छापून देतं.

मग वस्तीवर, वस्ती म्हणून, तिकीट निघालंच नाही का? निघालं. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधानांनी ऑरोव्हिलला तिथल्या सुवर्णमहोत्सवाचं तिकीट प्रकाशित केलं. त्याआधी श्रीअरविंदांवर आणि श्रीमाताजींवर वेगळी तिकिटं होती. म्हणजे माणसांनंतर वस्तीला मान मिळाला, हे पाऊल पुढचं आहे. पण ऑरोव्हिलचा इतिहास पाहा. आतल्या भांडणांमुळे १९८० साली केंद्र सरकारनं कायदा करून कारभार हाती घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रश्न आला, हा धर्म आहे की नाही? १९८२ साली बहुमतानं निकाल आला की श्रीअरविंदांची शिकवण म्हणजे धर्म नव्हे. १९८८ साली स्वतंत्र प्रतिष्ठानाचा कायदा झाला. हे सांगायचं कारण काय? एकत्र राहणाऱ्या वस्तीचं खरं चरित्र तिच्या भांडणांत आणि ती मिटवण्याच्या रीतीत असतं. तिकिटावर सोनेरी गोल मंदिर येईल. भांडण येणार नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरचं तिकीट प्रकाशित झालं. आनंदाची गोष्ट. दीक्षाभूमी ही वसाहत नव्हे, पण 'एकत्र' या गोष्टीचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे घुमट नव्हता. स्तूपाचं लोकार्पण २००१ च्या डिसेंबरात झालं. छप्पन साली तिथे होतं मोकळं मैदान आणि लाखो माणसं, पांढऱ्या कपड्यांतली, स्वतःच्या पायांनी आलेली. आज दीक्षाभूमी म्हटलं की डोळ्यांपुढे घुमट येतो. त्या जागेला अर्थ दिला तो मैदानानं. पण नागपुरात एक गोष्ट घडली जी इतरत्र घडत नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती माणसं पुन्हा येतात. मैदान पुन्हा भरतं. घुमटानं गर्दीची जागा घेतली नाही, कारण गर्दीनं जागा सोडली नाही. ज्या वस्तीची माणसं येत राहतात तिला तिकिटाचा धोका नाही. ज्या वस्तीची माणसं कमी होत चालली तिला आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो आणि निष्कर्षाकडे वळतो. १७७४ साली अ‍ॅन ली नावाची इंग्लंडमधली एक कामकरी बाई आपल्या मोजक्या अनुयायांसह न्यूयॉर्कला उतरली. त्यांना शेकर म्हणतात. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, स्त्री-पुरुषांना नेतृत्वात सारखी जागा, आणि काम हीच उपासना. पवनारशी किती जवळचं आहे पाहा. एकेकाळी त्यांच्या वसाहतींत हजारो माणसं होती. आता मेन राज्यात एकच वसाहत जिवंत आहे आणि राहणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. २०२४ च्या जूनमध्ये, आगमनाला अडीचशे वर्षं झाली म्हणून, अमेरिकेच्या टपाल खात्यानं बारा तिकिटांचा संच काढला. नाव 'शेकर डिझाइन'. लाकडी वस्तू, जिने, इमारती. अतिशय सुंदर फोटो. एकही माणूस मुख्य विषय नाही, एकही प्रार्थना नाही. ज्यांनी खुर्ची साधी केली कारण त्यांना मालकीच नको होती, त्यांची खुर्ची आज लिलावात विकत घेतात. वस्ती गेली आणि शैली उरली. पवनारचं असं होऊ नये, हीच आमची या अर्जामागची काळजी आहे. चरखा, खादीची चादर, नदीकाठ. 'पवनार शैली' म्हणून कुणी हॉटेल काढेल, आणि लोक म्हणतील किती शांत वाटतं.

तर सही करायची की नाही?

आमचं मत तीन भागांत आहे. पहिला भाग. अर्जात एक वाक्य सापडलं नाही, ते म्हणजे आश्रमातल्या बहिणींना विचारलं आहे. जी वस्ती एकीचाही नकार मोजते, तिच्या गौरवाचा निर्णय आपण तिला न विचारता सह्यांच्या संख्येवर घेतो आहोत. हे बहुमत झालं. निदान गौरव तरी त्यांच्या रीतीनं करू. आधी पवनारला जावं, त्यांच्या बैठकीपुढे हे ठेवावं, आणि त्यांनी नको म्हटलं तर अर्ज फाडावा. त्यांनी नको म्हटलं तर तो आपला अपमान नव्हे. तो त्यांच्या प्रयोगाचाच भाग.

दुसरा भाग. त्यांनी हो म्हटलं तर आराखडा बदलावा. विनोबांचा चेहरा नको, त्यांचं तिकीट झालेलं आहे. शिल्पही नको, ते वाकाटकांच्या काळाचं, या वस्तीचं नव्हे. चित्रात गोल बसलेल्या बाया हव्यात, मध्यभागी कुणीही नाही असा गोल. चेहरे ओळखू येण्याची गरज नाही. कुणी म्हणेल तिकिटाच्या आकारात हे उठून दिसणार नाही. न दिसो. मधली जागा मोकळी आहे एवढं दिसलं तरी पुरे.

तिसरा भाग. तिकिटाबरोबर डाक विभाग एक माहितीपत्रक काढतो. आपण ते वाचत नाही, पण संग्राहक वाचतात आणि जपतात. त्यात 'विनोबांच्या प्रेरणेनं' हे एक वाक्य असावं आणि बाकी सगळं सर्वसंमतीविषयी असावं. ती कशी चालते, कुठे अडते, न जमल्यास काय करतात. असं पत्रक निघालं तर तिकिटापेक्षा ते मोलाचं ठरेल.

या तीन अटी मान्य असतील तर आम्ही सही करू. आज करत नाही.

एक भाषेची गोष्ट सांगून थांबतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. हिंदीत दोन्हींसाठी 'हम', इंग्रजीतही एकच. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. आश्रम म्हणजे 'आम्ही'चं 'आपण' करायचा रोजचा प्रयत्न. स्मारक तिकीट मात्र बहुतेक वेळा आश्रमाला 'ते' करून टाकतं. थोर होते ते. ऐकणारा पुन्हा बाहेर. गौरव करताना एवढं तपासावं की त्यानंतर आपण आत गेलो की बाहेर आलो.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, आता पत्रंच कुणी लिहीत नाही. रजिस्टर पोस्टसुद्धा २०२५ साली स्पीड पोस्टात गेलं. मग तिकिटावर एवढा काथ्याकूट कशाला?

उत्तर: उलट म्हणूनच करायला हवा. तिकीट पत्रावर लागत होतं तेव्हा त्याला एक साधं काम होतं. निरोप पोचवायचा, शिक्का खायचा, फाटायचं. चेहरा कुणाचाही असो, ते हातोहात फिरत होतं. आता स्मारक तिकीट थेट अल्बममध्ये जातं. म्हणजे उरला तो फक्त गौरव. कामाशिवायचा गौरव जास्त काळजीनं तपासावा लागतो. तुम्हाला हे नको असेल तर एक साधा मार्ग आहे. 'मैत्री'चे वर्गणीदार व्हा. अंक पोस्टानंच येईल.

प्रश्न: तुम्ही म्हणता आधी बहिणींना विचारा. पण तिथली संख्या कमी होत आहे, वयं झालेली आहेत. उद्या विचारायला कुणी उरलं नाही तर? निदान तिकीट तरी राहील ना?

उत्तर: प्रश्न बरोबर आहे आणि टाळता येणार नाही. नव्या बहिणी फारशा येत नाहीत, हे खरं. ब्रह्मचर्याचं व्रत घेणारी वस्ती बाहेरून माणसं आली तरच टिकते. शेकरांचं तेच झालं. तिकीट राहील, हेही खरं. पण काय राहील ते पाहा. चित्र राहील. रीत राहायची असेल तर ती कुणीतरी करून पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी ब्रह्मचर्य लागत नाही, आश्रमही लागत नाही. नोव्हेंबरात विनोबांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास पवनारला मित्रमिलन भरतं, बाहेरची माणसं जातात. तुम्ही जा. दोन दिवस बसा. ते कसं ठरवतात ते पाहा. मग परत येऊन आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एक, फक्त एक विषय मत न मोजता ठरवून पाहा. तास लागेल, दोन लागतील, कदाचित तो विषय पुढच्या महिन्यावर जाईल. जाऊ द्या. तेवढं बेशात झालं तर पवनारमधलं थोडं पवनारबाहेर उरलं, असं आम्ही म्हणू. आणि त्याच सभेत अर्जाचाही विषय घ्या. अर्जातल्या वाक्याची जागा आम्ही रिकामी ठेवली आहे, ती बहिणींना भेटल्यावर भरू.